सातव्या पायरीवरून ऐकलेले

मी खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कुलूप-किल्लीचा, आज लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. डाव्या गुडघ्याचे आणि माझे पटत नाही, हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या आहेत, पण कान शाबूत आहेत. दाखला लिहिताना डॉक्टरांच्या खिशातला जुडगा वाजला, तेव्हा त्यात एक किल्ली नवी आहे हे मी त्यांना सांगितले. "बास," ते म्हणाले, "पुढचं काही तपासत नाही."

हा कागद मी कुणाच्या दबावाने, भरीला पडून किंवा नशेत लिहीत नाही. रागात लिहितो आहे, हे मात्र खरे. रागात केलेले मृत्युपत्र चालते का, असे मी वकीलबाईंना विचारले. "चालतं की. फक्त अक्षर लागलं पाहिजे."

सहा आठवड्यांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते आजपासून रद्द. का, ते घराच्या कलमात येईल. ते कलम मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण त्यात माझी फजिती आहे. माणसांना मी रोज जशी हाक मारतो तसेच इथे लिहिले आहे. पूर्ण नावे-पत्ते वकीलबाईंनी मागच्या पानावर घातले आहेत.

माझी पत्नी नऊ वर्षांपूर्वी वारली. मागे एक मुलगा आणि एक सून. मुलगा सुनेला मारतो. पहिल्या मृत्युपत्रात हे वाक्य "उभयतांचे पटत नाही" असे होते. वकीलबाईंनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. "पटत नाही ते तुमचं आणि गुडघ्याचं. हे जे आहे ते लिहा." म्हणून लिहिले.

कलम १. मिळकत.

माझे जे काही आहे ते स्वकष्टाचे आहे. वडिलोपार्जित म्हणावे असे माझ्याकडे फक्त नाक. चौदाव्या वर्षी एक कानस आणि एक स्टूल घेऊन फुटपाथवर बसलो, तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी दुकान आणि गल्लीच्या आत दुमजली घर इथवर आलो. घराच्या खालच्या खोलीत मी. वर मुलगा आणि सून. मधे चौदा पायऱ्या. या पायऱ्या पुढे लागतील.

कलम २. हत्यारे.

किल्ल्या घासायचे यंत्र, दोन शिकंजे, एकोणीस कानशी आणि कोऱ्या किल्ल्यांच्या पेट्या: हे सर्व बायकांच्या आश्रयघराला द्यावे. सून तिथे अकरा दिवस राहून आली आहे. तिथल्या खोल्यांच्या दारांना आतून नीट बोल्टही नाहीत, हे मी स्वतः जाऊन पाहिले आणि माझा जीव वरखाली झाला.

यंत्र मी आधी सुनेला देऊ केले होते. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते, हात स्थिर आहे, वर्षभरात शिकली असती. ती म्हणाली, "नको बाबा. मला त्या किल्ल्यांचा आवाज नको वाटतो." मी पुन्हा विचारले नाही.

राहता राहिल्या कुलूप उघडायच्या सळ्या. बारीक, टोकाला वाकवलेल्या, तेवीस. माझ्या हातच्या. यांपैकी बावीस मी शिकंज्यात धरून मोडल्या. तेविसावी मुलाच्या खिशात आहे. तो अकरा वर्षांचा असताना मी त्याला त्या धरायला शिकवल्या. कुलपाच्या आतल्या पिना एकेक करून वर बसतात, बसताना बारीक टिक करतात. तिसरीनंतर घाई करायची नाही, श्वासभर थांबायचे. हे थांबणे मी त्याला दोन वर्षे शिकवले. आता जगात बाजारी कुलूप असे नाही जे या मुलाला बाहेर ठेवील. मी स्वतः सहा महिने तसे कुलूप बनवायच्या मागे होतो. चार बनवली. चारही त्याने उघडली, आणि चौथे उघडून मला म्हणाला, "बाबा, स्प्रिंग जरा कडक घ्यायला हवी होती." बरोबर होते त्याचे.

कलम ३. दुकान.

दुकान मी इस्त्रीवाल्या बाईंना द्यायचे ठरवले होते. त्या बारा वर्षे माझ्या दुकानाशेजारी टेबल टाकून इस्त्री करतात. पाऊस आला की कपडे आत, ऊन तापले की छत्री तिरकी. का द्यायचे, ते लिहिणे भाग आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी मागच्या गल्लीतून एक गृहस्थ भर दुपारी धावत आले. बायको आत बेशुद्ध पडली आहे, दार आतून बंद आहे, लवकर चला. मी गेलो. गुडघ्यावर बसलो, कान दाराला लावला. आत कुणी बेशुद्ध नव्हते. दाराला अगदी चिकटून कुणीतरी श्वास दाबून उभे होते, आणि मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, दाराकडे. मला कळले. सळी हातात होती, मला सगळे कळले, आणि तरी मी दार उघडले. का? नवरा मागे उभा होता, घर त्याचे होते, आणि कुलूप अवघड होते. दीड मिनिटात उघडले. तो म्हणाला, "वा, काय हात आहे!" मला बरे वाटले. जिना उतरताना खुर्ची पडल्याचे ऐकले, नंतरचेही ऐकले.

त्या बाई म्हणजे इस्त्रीवाल्या बाई. नवऱ्याला सोडून आल्यावर त्यांनी माझ्या शेजारी टेबल टाकले, कारण वर्दळीची जागा तीच होती. मी त्यांना पहिल्या दिवशी ओळखले. त्यांनीही मला. बारा वर्षे आम्ही कॉलरच्या घडीबद्दल बोललो.

मागच्या महिन्यात वकीलबाई दुकानात आल्या असताना मी इस्त्रीवाल्या बाईंना म्हणालो, "दुकान तुमच्या नावावर करतोय. आणि कागदावर साक्षीदार म्हणून सही पण तुमचीच हवी, कारण तुम्ही..."

वकीलबाई मधे पडल्या. "दोन्ही नाही जमत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. एक काय ते ठरवा."

बाईंनी इस्त्री उभी केली. "दुकान ठेवा. सही करते."

"अहो, पक्कं छप्पर आहे, विचार करा."

"केला. पण त्यात मी माफ केलं असं कुठे लिहिलं नाही ना?"

"नाही."

"मग आणा."

म्हणून दुकानही आश्रयघराला. त्यांचे टेबल मात्र आहे तिथेच राहील आणि पावसात कपडे आत जातील, ही अट दुकान घेणाऱ्यावर बंधनकारक आहे. ही देणगी नव्हे, शेजारधर्म आहे. वकीलबाईंनी डोळे मिटून तेवढे जाऊ दिले.

कलम ४. कारणांची वही.

माझ्याजवळ निळ्या पुठ्ठ्याच्या तीन वह्या आहेत. एकदा चोरीच्या तपासात पोलिसांनी मला झापले, की कुणाचे दार का दुरुस्त केले याची नोंद नको का ठेवायला? तेव्हापासून मी प्रत्येक कामाला विचारतो, कसे मोडले, आणि जे उत्तर मिळेल ते शब्दाला शब्द लिहितो. या वह्या मुलाला द्याव्यात. त्याला माझ्याकडून एवढेच.

त्यात सर्वांत जास्त वेळा लिहिले आहे, "वाऱ्याने." चौकटीसकट दार उखडणारा वारा, आणि शेजारच्या खिडकीतला पडदा जागचा हललेला नाही. मग, "प्यायलो होतो." त्याच मजल्यावर कधी थेंबही न घेतलेल्या माणसाचे दार मी दोनदा बसवले. "नोकरी गेली." "बढती मिळाली, ताण वाढला." "तिच्या आईचा सारखा फोन येतो." "ती माझ्या आईला फोन करत नाही." "उलटून बोलते." "तोंडातून शब्द काढत नाही." "जास्त शिकलेली आहे." "अडाणी आहे." एका माणसाने पाच वर्षांच्या अंतराने मला दोन उलटी कारणे दिली, बायको तीच, दार तेच.

आणि पानोपानी, "आमच्यात असंच असतं." हे मला सगळ्यांनी सांगितले आहे. एकाच्या दारावर एका देवाचे चित्र, दुसऱ्याच्या दारावर दुसऱ्या लिपीतले वचन, तिसऱ्याकडे तिसरेच चिन्ह. चौथ्याकडे काहीच नाही, तो प्राध्यापक, देव न मानणारा, भिंतभर पुस्तके. कारण सांगायला त्यानेच सगळ्यात जास्त वेळ घेतला. सगळे म्हणाले, आमच्यात असते, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "त्यांच्यात तर याहून वाईट." मी गल्ली ओलांडून गेलो की तिथले लोक यांच्याकडे बोट दाखवायचे. वर चिन्ह कुठलेही असो, खाली चौकट एकाच जागी फुटलेली. बुटाच्या उंचीवर. काही जण म्हणाले, आमच्या पुस्तकात लिहिले आहे. मी ती पुस्तके वाचलेली नाहीत, त्यामुळे त्यांत काय आहे ते मी सांगणार नाही. पण लाथ मारताना कुणाच्या हातात पुस्तक होते, असे मला एकाही शेजाऱ्याने सांगितलेले नाही.

"राग आवरत नाही" हे कारण मी बरीच वर्षे खरे मानत होतो. मग एकदा वही चाळता चाळता लक्षात आले. सत्तावन्न वर्षांत मी शेकडो कचेऱ्यांची कुलपे बसवली. कर्मचाऱ्याने लाथ घालून मोडलेले साहेबाच्या केबिनचे दार मला एकदाही दुरुस्त करावे लागलेले नाही. साहेब काय कमी छळतात? ज्याला राग आवरत नाही तो सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा छान आवरतो, आणि स्वतःच्या दारात किल्ली फिरली की मग तो अनावर होतो. या रागाला पत्ता पाठ असतो. पत्ता पाठ असलेल्या गोष्टीला मी राग म्हणणार नाही.

माझे मत विचाराल तर एवढेच: ज्याच्या हातात किल्ली, त्याला आतले सगळेच आपले वाटते. कपाट आपले, पंखा आपला, बाईही. पण नुसते वाटून भागत नाही, बाहेरच्यांनी मान डोलवावी लागते. शेजारी खिडकी लावून घेतो. तिची आई म्हणते, थोडं तूच सांभाळून घे. चौकीवरचा म्हणतो, घरचा मामला आहे. आणि कुलूपवाला दीड मिनिटात दार उघडून देतो.

मुला, वहीच्या शेवटच्या पानावर तुझे कारण आहे. तू मला म्हणालास, "तुम्ही पण आईवर हात उचलला होता. मी पाहिलंय." खरे आहे. दोनदा. दोनदा म्हणजे काही नाही, असे मी तीस वर्षे म्हणत आलो. तुझी आई काम करताना गुणगुणायची. ते कधी थांबले? मी, ज्याला डॉक्टरांच्या खिशातली नवी किल्ली ऐकू येते, मला ते थांबल्याचे अकरा वर्षांनी कळले. विचारले तेव्हा म्हणाली, "किती दिवस झाले त्याला!" आणि भांडी पुसायला लागली. हे माझे आहे, मी घेतो, तुझ्यावर ढकलत नाही. पण मी शिकवलेले सगळेच तू उचललेस असेही नाही. सकाळी आठला दुकान उघडावे हेही शिकवले होते.

कलम ५. जे ऐकले ते.

सुनेने कोर्टात अर्ज दिला आहे. पुढच्या महिन्यात तारीख आहे, माझी साक्ष आहे. मृत्युपत्र म्हणजे साक्ष नव्हे, असे वकीलबाईंनी बजावले आहे आणि माझे वेगळे प्रतिज्ञापत्र केले आहे. तरी इथे लिहितो, कारण प्रतिज्ञापत्र न्यायाधीश वाचतात आणि मृत्युपत्र नातेवाईक. "ती कांगावा करते" असे म्हणणारे आमचे सगळे नातेवाईक हे कान देऊन वाचतील, घर कुणाला हे शेवटी असल्यामुळे.

आठ महिन्यांपूर्वी एका शनिवारी दुपारी मी खाली माझ्या खोलीत होतो. वर आवाज चढला. मग पळत गेलेली पावले, खोलीचे दार, आतून फिरलेली किल्ली. आणि मग टिक. टिक. टिक. थांबणे, श्वासभर.

त्या क्षणी माझ्या मनात काय आले ते लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय हा कागद खोटा ठरेल. माझ्या मनात आले, हात छान बसलाय पोराचा.

मग दार उघडले. मग तिचा आवाज, "नको ना, नको," मग काहीतरी लाकडावर आपटले. ते तिचे मनगट होते. मी जिना चढू लागलो. सातव्या पायरीवर थांबलो. बाप वर आला तर मुलाची लाज जाईल, असला काहीतरी विचार होता. मी खोकलो. मोठ्याने, दोनदा. वर सगळे थांबले. मी खाली आलो.

एवढेच केले मी. खोकलो.

कलम ६. घर.

दुसऱ्या दिवशी मी वरच्या दाराला आतून बोल्ट बसवला. साधा, लोखंडी, ज्याला भोकच नाही, त्यामुळे सळी घालायला जागाही नाही. चार मळसूत्री खिळ्यांवर बसवला. संध्याकाळी मुलगा खाली आला आणि बोल्ट, चारही खिळ्यांसह, माझ्या टेबलावर ठेवला. "बाबा, माझ्या घरातल्या दारांना हात लावायचा नाही."

माझ्या घरातल्या! एकेक वीट मी पाहून घेतली होती. बोल्ट पुन्हा लावायची मात्र माझी छाती झाली नाही. त्याऐवजी मी ती चार कुलपे करत बसलो. ती हरली, तेव्हा मनाशी म्हटले, थांब लेका, घर तुझे कधी होतच नाही. आणि पहिले मृत्युपत्र केले: माझ्यामागे संपूर्ण घर सुनेला. स्वतःवर मी फार खूश होतो. घरात बोलायची सोय नव्हती, म्हणून कागद घेऊन तिच्या लॅबमध्ये गेलो. बाकावर रक्त द्यायला आलेली चार माणसे. ती नळ्यांचा ट्रे घेऊन उभी. मी हळू आवाजात कलम वाचून दाखवले. तिने रिपोर्ट ऐकावा तसे ऐकून घेतले.

"छान आहे बाबा. हे लागू कधी होणार?"

"माझ्यामागे."

"म्हणजे तुम्ही जाईपर्यंत घर त्याचंच."

"तसं नाही गं, पण..."

"आणि तुमची तब्येत तर छान आहे." ती हसली नाही. "म्हणजे मी रोज काय मागायचं, ते सांगा."

मी कागदाची घडी घातली.

ट्रे टेबलावर ठेवत ती म्हणाली, "त्या शनिवारी तुमचा खोकला ऐकू आला होता. मला वाटलं, येताय." मग दाराकडे वळून मोठ्याने, "चौदा नंबर कोण? या."

मी तिथून उठलो तो थेट वकीलबाईंकडे. मेल्यावर द्यायचे ते आजच देता येते का? येते. त्याला बक्षीसपत्र म्हणतात. तीन आठवड्यांपूर्वी त्याची नोंदणी झाली. म्हणून या मृत्युपत्रात घर कुणालाही दिलेले नाही, कारण ते आता माझे नाही. मी सुनेच्या घरात, खालच्या खोलीत, तिच्या परवानगीने राहतो. बोल्ट तिने स्वतः परत बसवला. खिळे मी धरले. मुलाला तिने त्याच्या बॅगेसह बाहेर जायला सांगितले तेव्हा मी तिच्या बाजूला उभा होतो, आणि कोर्टाने तूर्त तोच हुकूम दिला आहे.

तरी तो गेल्या रविवारी दुपारी आला. मी पावले ओळखली. गुडघ्याला शिव्या देत चौदाच्या चौदा पायऱ्या चढलो. तो दारासमोर गुडघ्यावर होता, तेविसावी सळी हातात. कुलूप केव्हाच उघडले होते. दार उघडत नव्हते.

मी त्याच्या आणि दाराच्या मधे बसलो. एकदा बसलो की मला पटकन उठता येत नाही, हे त्याला माहीत आहे.

"बाबा, बाजूला व्हा."

"होता येत नाही."

"तुम्ही माझे का तिचे?"

"तुझाच. म्हणून तर बसलोय इथे. सळी दे."

सळी त्याने दिली नाही. खिशात घातली आणि उतरून गेला. शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबला, तेही ऐकले. काय विचार करत होता ते मात्र ऐकू येत नाही. तिथे कानांचा उपयोग नाही.

तो गेल्याचे सांगायला मी दार वाजवले.

"कोण?"

"मी. गेला तो."

"एकटेच आहात?"

"एकटाच."

दार उघडले नाही. "बाबा, थोडं थांबा."

सत्तावन्न वर्षांत मी कुठल्याही बंद दाराबाहेर दीड मिनिटाहून जास्त थांबलेलो नाही. त्या दिवशी थांबलो. बराच वेळ थांबलो. आत ती दाराला चिकटून श्वास घेत होती, ते ऐकत बसलो.

कलम ७. शेवटची सूचना.

या कागदाच्या व्यवस्थापक वकीलबाई. माझ्या अंत्यविधीत काही थाट करू नये. मुलाला यायचे असेल तर खालच्या खोलीपर्यंत यावे, जिन्यापर्यंत नाही. आणि मी एखाद्या दिवशी खालच्या खोलीत गेलेला सापडलो, तर घाबरून वर धावत जाऊन कुणी दार ढकलू नये, उघडून देणाऱ्याला बोलावू नये. दार वाजवावे. "कोण" विचारले की खरे उत्तर द्यावे. मग ती उघडेपर्यंत थांबावे. मी मेलेलोच असेन, मला घाई नसेल.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि खालील दोघांसमोर सही केली. आम्ही तिघांनी एकमेकांना सही करताना पाहिले.

सही: कुलूपवाला

साक्षीदार १: समोरचा चष्मेवाला. (कागद वाचला नाही, फक्त सही पाहिली. एवढे मोठे मृत्युपत्र मी आजवर पाहिलेले नाही.)

साक्षीदार २: इस्त्रीवाली. (कागद पूर्ण वाचला. कलम तीनमधली खुर्ची मी दाराला लावली होती. तेवढं बरोबर लिहिलंय.)

ठिकाण: दुकानाचा पुढचा भाग, इस्त्रीच्या टेबलावर, कपडे बाजूला सारून.

दिनांक: ३ ऑक्टोबर, सकाळी साडेअकरा.